आक्काचे चौदा दवाखाने

मंजू, ये बाई, अशी जवळ बस. तू समोर नाहीस हे मला कळतं, पण वाचताना तरी माझ्या शेजारी बसली आहेस असं समज. आणि आधी तो फोन पालथा घाल. काल तासभर तू मला त्यातलंच वाचून दाखवत होतीस. ह्या डॉक्टरला साडेचार तारे, त्याला चार, तिसऱ्याला पाच, पण पाच देणारे सगळे एकाच आडनावाचे! अगं, पित्ताशयातले खडे काढायचेत की हॉटेलात जेवायला जायचंय? एक म्हणतो लगेच काढा, दुसरा म्हणतो त्रास नाही ना, मग राहू द्या, आणि तू मध्ये रडकुंडीला आलेली. पंधरा दिवस झाले म्हणे ह्याला. पंधरा दिवसांत मावशीकडे यायला सुचलं नाही, तारे मोजायला बरं सुचलं. आणि वर मलाच विचारतेस, "मावशी, तुझ्या ओळखीत कुणी चांगला डॉक्टर आहे का?"

ओळखीत एक बाई होती. डॉक्टर नव्हती. फोनवर तिचं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले. वाचून तुझा गोंधळ कमी होईल की वाढेल ते मला सांगता येणार नाही, कारण माझा स्वतःचाच अजून मिटलेला नाही.

वत्सलाआक्का. तू लहानपणी सुट्टीत पंचवटीला यायचीस तेव्हा सकाळी आपल्या दाराच्या कडीला फुलपुडी अडकवून जायची ना, ती. उंच, किडकिडीत, कपाळावर हिरवं गोंदण, पायात पुरुषी चपला. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बायांच्या चपला दाखवायला असत्यात ताई, चालायला नसत्यात." आणि चालायची पण तशीच, टोपली डोक्यावर आणि रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी. मखमलाबादच्या अलीकडे त्यांचं शेत होतं. झेंडू, शेवंती, मध्ये कुठे मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलं तोडायची, पानात पुड्या बांधायच्या, हार गुंफायचे आणि पहिल्या बसने गावात. आमच्या गल्लीत तिची चारच घरं. खरं गिऱ्हाईक होतं दवाखान्यांचं. आपल्याकडे कुठल्याही दवाखान्यात जा, डॉक्टर कितीही शिकलेला असो, टेबलामागे देवाची तसबीर असतेच आणि तिला रोज ताजा हार लागतो. अशा चौदा दवाखान्यांत आक्काचा हार जायचा. दातांचा, डोळ्यांचा, हाडांचा, बायकांचा, पोराबाळांचा, सगळ्या प्रकारचा दवाखाना तिच्याकडे होता.

तिला वाचता येत नव्हतं. त्यामुळे दारावरची पाटी, नावापुढची अक्षरं, भिंतीवरची चौकटीतली सर्टिफिकिटं, ह्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. डॉक्टरांना तिने आपली नावं ठेवलेली. चष्म्याचे डॉक्टर, म्हणजे डोळ्यांचे नव्हेत, चष्मा लावणारे. जिन्यावरचे डॉक्टर. खेकसणारे डॉक्टर. एक होते हात धुणारे डॉक्टर. मी म्हटलं, "अगं आक्का, बाकीचे हात धूत नाहीत की काय?"

"धूत असत्याल की. हे धुताना दिसत्यात," ती म्हणाली.

आता तिची खरी गंमत सांगते. हार टांगून झाला की ती लगेच निघायची नाही. कंपाउंडरला म्हणायची, "जरा टेकते रे," आणि बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसायची. आतून माणूस बाहेर आला की सरळ विचारायची, "काय म्हंले डॉक्टर? काय झालंय तुम्हाला?" ओळख ना देख. पण तिच्या विचारण्यात असं काही असायचं की लोक सांगायचे. आणि त्यांच्या सांगण्यावरून ती डॉक्टर तोलायची. माणूस म्हणाला, "आतड्याला सूज आलीये, तिखट बंद, आठ दिवसांनी परत बोलावलंय," की तो डॉक्टर चांगला. माणूस म्हणाला, "काळजी करू नका म्हणाले," की आक्का तोंड वाकडं करायची. एकदा एक गृहस्थ एका मोठ्या दवाखान्यातून दोन्ही हातांत औषधांच्या पिशव्या घेऊन बाहेर आले. आक्काने विचारलं, काय झालंय तुम्हाला? ते म्हणाले, "ते डॉक्टरांना माहीत!"

आक्का हे सांगून इतकी हसायची की टोपली डोक्यावरून उतरवून ठेवावी लागायची. "आजार ह्याचा, आन् ठावं डॉक्टरला! घरी जाऊन बायकोला काय सांगंल हा?"

झालं. हळूहळू लोक तिलाच विचारायला लागले. कुणाचं काही दुखलं की सकाळी फुलपुडीच्या वेळेला दारात उभे. आक्का, गुडघ्याला कुणाकडे जाऊ? आक्का, सुनेला दिवस गेलेत, कुणाकडे नाव घालू? ती कधी कुणाला वाईट म्हणायची नाही. एवढंच म्हणायची, "तिथं मी हार देते, पण बसत नाय." की समजायचं.

आमच्या ह्यांच्या पायाला मुंग्या यायच्या, आठवतंय तुला? अंबडच्या कंपनीत तीस वर्षं उभ्याने काम, मणका तो केवढा सोसणार. कंपनीतल्या मित्रांनी एका काचेच्या इमारतीतल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने फोटो दिव्यावर धरला आणि ऑपरेशनची तारीखच दिली. घरी येऊन हे नुसते छताकडे बघत पडलेले. सकाळी आक्का आली, तिला सांगितलं. ती ह्यांच्या पायथ्याशी उभी राहिली.

"भाऊ, कुठं सरकलाय मणका?"

"इथे कुठे तरी," हे म्हणाले आणि पाठीवर मोघम हात फिरवला.

"कुठं तरी? आन् कापणार तिथं?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आम्हाला जिन्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी ह्यांना चालायला लावलं, वाकायला लावलं, पायाला टाचणी टोचून बघितली आणि म्हणाले, सहा आठवडे व्यायाम करा, पायातली ताकद कमी होतेय असं वाटलं तर मात्र त्याच दिवशी या. हे बरे झाले. व्यायामाने झाले, की आपोआप झाले, की ते ऑपरेशन नकोच होतं, कोण जाणे. कारण त्याच जिन्यावरच्या डॉक्टरांनी मागच्या गल्लीतल्या वॉचमनला मात्र सांगितलं की ऑपरेशन केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तोही बरा झाला. मी आक्काला म्हटलं, ह्यातलं मला काही कळत नाही बाई. ती म्हणाली, "मला तरी कुठं कळतंय? मी नुसतं बाहेर येणाऱ्याचं तोंड बघते."

आणि मनात खोट नाही हो. त्या हात धुणाऱ्या डॉक्टरांनी एके दिवशी तिचा हार बंद केला. तसबिरीला प्लास्टिकचा हार आणून घातला, धुऊन पुसून वर्षभर चालणारा. आम्हाला वाटलं, आता आक्का त्यांचं नाव घ्यायची नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात तिने एका बाईला त्यांच्याकडेच पाठवलं. मी चिडवलं तिला. तर माझ्यावरच उखडली. "हार प्लास्टिकचा झाला म्हणून हात प्लास्टिकचे झाले का त्यांचे?"

अशी ही बाई. आता पुढचं ऐक, इथून माझं डोकं चालत नाही.

एका दिवाळीत आक्काचा आवाज बसला. फुलं विकणारी बाई, दिवाळीत ओरडून ओरडून आवाज बसणारच, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. संक्रांत आली तरी बसलेलाच. आम्ही तिला चिडवायचो, आक्का, आता तू खेकसणारी झालीस. होळी गेली, अक्षय्य तृतीयेची आखाजी गेली. मी मधून मधून विचारायची, "अगं, डॉक्टरांना दाखवलंस का?"

"तर! रोज सांगते की चष्म्याच्या डॉक्टरला."

मी निर्धास्त. चष्म्याचे डॉक्टर म्हणजे तिच्या चौदातले पहिल्या नंबरचे. आमच्या अख्ख्या गल्लीचे तेच डॉक्टर. तिनेच लावून दिलेले. त्यांच्याकडून बाहेर आलेला माणूस आपला आजार पाठ केलेल्या कवितेसारखा सांगायचा.

श्रावणात मी माझं ब्लड प्रेशर दाखवायला सकाळीच त्यांच्याकडे गेले. बाकावर बसले होते. आक्का आली. हार कंपाउंडरच्या हातात दिला आणि डॉक्टरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली, टोपली कमरेवर, एक पाय बाहेर. आत डॉक्टर काही लिहीत होते.

"डॉक्टर, घसा आजून तसाच हे."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. अगदी मायेने म्हणाले, "गुळण्या चालू आहेत ना आक्का? आणि ती मिश्री सोडा आधी."

"बरं," आक्का म्हणाली आणि वळली.

मंजू, मी बघतच राहिले. मी तिला बाहेर गाठलं. "आक्का, हे तुझं दाखवणं?"

"मग?"

"अगं, आत जाऊन बसायचं, नंबर लावायचा, घशात बॅटरी मारून बघायला सांगायचं!"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला काही भलतंच करायला सांगितलंय. "नंबर? घरच्या माणसासारखे हेत ते, ताई. दिवाळीला त्यांची बायको मला साडी देती. मी नंबर लावून परक्यासारखी जाऊन बसले तर त्यांना काय वाटंल?"

नऊ महिने, मंजू. दुसऱ्यांचे डॉक्टर पारखणारी बाई, स्वतःसाठी नऊ महिने दारात उभी राहून विचारत होती. आणि ते दारातल्या दारात उत्तर देत होते. तिला वाटत होतं आपण दाखवतोय, त्यांना वाटत होतं आक्का जाता जाता बोलतेय.

मी तिथल्या तिथे तिच्या नावाने केसपेपर काढला. तिला माझ्या नंबरावर आत नेलं. पेशंटच्या खुर्चीवर ती कडेला बसली, टोपली मांडीवर घेऊन. डॉक्टर हसले. "अरे वा, आज आक्का पेशंट!" मग विचारलं, "किती दिवस झाले म्हणालात?"

"दिवाळीपासून."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही मला रोज सांगत होतात, आक्का."

"हो की."

"आणि मी रोज ऐकत होतो."

त्यांनी घशाच्या तज्ज्ञाला चिठ्ठी लिहिली. तिथे दुर्बीण घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. आवाजाच्या पडद्यावर.

मग तुझ्यासारखंच झालं. घशाचे एक तज्ज्ञ म्हणाले, स्वरयंत्र काढून टाकू, म्हणजे धोका जाईल, पण बोलणं जाईल. दुसरे म्हणाले, किरणांचा शेक देऊ, आवाज राहील, पण पुढे लक्ष ठेवावं लागेल, परत उद्भवू शकतं. दोघांचीही नावं मोठी. आक्काचा मुलगा म्हणाला, काढून टाका. मनमाडची लेक रेल्वेत नोकरीला, ती म्हणाली, शेक घ्या. मी काय म्हणणार?

आक्का म्हणाली, "मी बघते." तिचं बघणं म्हणजे बाकावर बसणं. दोन दिवस एका दवाखान्यात बसली, दोन दिवस दुसऱ्या. पाचव्या दिवशी आमच्याकडे आली आणि दारातल्या पायरीवर टोपली ठेवून मटकन बसली. मी चहा ठेवला. ती बशीत ओतून नुसती बघत राहिली.

"काय गं, काय म्हणाले बाहेर येणारे?"

"ताई, तिथं बाहेर येणाऱ्याला बोलताच येत नाय."

हसावं की रडावं मला कळेना. ती विचारायची, काय झालंय तुम्हाला, आणि समोरचा माणूस, एकीकडे गळ्याच्या पट्टीवर आणि दुसरीकडे शेकाने सुजलेल्या घशावर, बोट ठेवून मान हलवायचा. इतक्या वर्षांची तिची परीक्षा तिथे येऊन बंद पडली. ती माझ्या पायरीवर बसलेली आणि पहिल्यांदाच तिला काही ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली कुणाकडे, सांग बरं? चष्म्याच्या डॉक्टरकडे! मी सोबत होते, म्हणून सांगते. माझा तर संताप झाला होता. ज्याने नऊ महिने घालवले, त्यालाच विचारायचं? पण ती ह्या वेळी नंबर लावून, केसपेपर घेऊन आत गेली आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

"डॉक्टर, ह्या दोघांतल्या कुणाकडं जाऊ?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "आक्का, तुमच्या बाबतीत माझी चूक झाली. आणि तुम्ही मलाच विचारताय?"

"म्हणून तर तुम्हाला विचारते," आक्का म्हणाली. आवाज कसला, नुसता वारा येत होता. "ते दोघं माझ्या बाबतीत आजून कुठं चुकलेत? त्यांना भ्यावच नाय. तुम्ही आता माझं सांगताना धा येळा इचार कराल."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले. परत आले. म्हणाले, "मंगळवारी दवाखाना बंद ठेवतो. मी येतो तुमच्याबरोबर."

आणि आले, मंजू. स्वतःच्या गाडीतून आक्काला दोन्हीकडे नेलं. तज्ज्ञांपुढे तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि तिच्या वतीने एकेक गोष्ट विचारली. शेवटी शेक घ्यायचं ठरलं. सात आठवडे रोज. गळ्याची कातडी काळी पडली, गिळता येईना, ताकाशिवाय काही पोटात जाईना. ताक मात्र ती माझ्याच हातचं प्यायची. हळूहळू आवाज आला, खरखरीत, पातळ, पण आला.

आक्का परत हार द्यायला लागली. पण एक बदल झाला. कुणी विचारलं, आक्का, ह्याच्यासाठी कुणाकडे जाऊ, तर म्हणायची, "मला नाय माहीत." लोकांना राग यायचा. बाजूच्या देशपांडीणबाई तर म्हणाल्या, आता हिला गर्व झाला. मलाही वाटायचं, अगं, निदान पूर्वीसारखं "तिथं बसत नाय" एवढं तरी म्हण. तेही नाही. "मला नाय माहीत. पण कधी जायचंय? मी येते."

आणि यायची! टोपली आमच्या ओट्यावर ठेवायची आणि परक्याच्या सोबत दवाखान्यात जाऊन बसायची. बाकावर नाही, आत. कुठल्याही डॉक्टरकडे. ज्याच्याकडे ती हार देत नव्हती, त्याच्याकडेसुद्धा.

दीड वर्ष असं गेलं. मग दुखणं परत उलटलं, लेकीने तिला मनमाडला नेलं आणि ती तिकडेच गेली. काढून टाकलं असतं तर वाचली असती का? नऊ महिने आधी नंबर लावला असता तर? की चष्म्याच्या डॉक्टरांनी त्या नऊ महिन्यांत एकदाच मान वर केली असती तर? मी त्यांच्यावर रागावू की नको, हेही मला ठरवता आलेलं नाही. माझं ब्लड प्रेशर अजून तेच बघतात. हल्ली ते दारात कुणालाच उत्तर देत नाहीत. कितीही ओळखीचा असू दे, म्हणतात, "आत या, बसा, मग बोला." लोक म्हणतात, डॉक्टर पूर्वीसारखे राहिले नाहीत.

मला ती शेवटची दिसली ती आमच्या ह्यांच्या मोतीबिंदूच्या वेळेला. दोन डॉक्टर झाले होते, दोघांनी दोन प्रकारची भिंगं सांगितलेली, आम्ही चक्रावलेलो. तिसऱ्याकडे आक्का आमच्यासोबत आली. तो तरुण डॉक्टर भराभर बोलला, निम्मं इंग्रजीत. हे आपले मान डोलावतायत. आक्का म्हणाली, "डॉक्टर, त्यांना नाय कळलं. मला बी नाय. परत सांगा."

त्याने परत सांगितलं, जरा हळू. आक्का ह्यांच्याकडे वळली. "भाऊ, काय झालंय तुमच्या डोळ्याला, सांगा बरं."

ह्यांना सांगता येईना. "परत सांगा," आक्का डॉक्टरला म्हणाली.

बाहेर वीस माणसं बसलेली. त्याने एकदा घड्याळाकडे बघितलं, मग कागद ओढला आणि डोळ्याचं चित्र काढून तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा कुठे हे म्हणाले, "म्हणजे आतली काच धुरकट झालीये, ती बदलायची."

परत येताना रिक्षा मखमलाबाद नाक्यावर थांबली. आक्का उतरली. मी आतून विचारलं, "आक्का, खरं सांग, बरा आहे का हा डॉक्टर?"

तिने पदर सारखा केला, विचार केला. "काय की. तीनदा सांगितलं त्यानं. चौथ्यांदा सांगितलं असतं का, ते बघायचं राह्यलं." आणि हसली. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग दोन्ही बाजूंच्या गाड्यांना हात दाखवून थांबवत, त्या पुरुषी चपला फटक फटक वाजवत, ती रस्त्याच्या पलीकडे गेली.

तेव्हा मंजू, मला नाव विचारू नकोस. मला नाही माहीत. खडे काढायचे की ठेवायचे, तेही नाही माहीत. पण तुझे सगळे कागद घे, सोनोग्राफीचा रिपोर्ट घे, आणि इकडे ये. दोघांपैकी ज्याच्याकडे म्हणशील त्याच्याकडे, नाही तर दोघांकडेही, मी तुझ्याबरोबर आत येऊन बसते. मला ऐकू कमी येतं आता, त्यामुळे परत सांगा म्हणायला मला मुळीच लाज वाटणार नाही. गुरुवारी माझ्याकडे भिशी आहे, तेवढा दिवस सोड. तेल-तूप तुला चालत नाही, मी मुगाची खिचडी करीन, पातळ, तुला आवडते तशी. एकटी विचार करत बसू नकोस पोरी, ये लवकर.